झंस्कारला दुसऱ्यांदा चालत जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिमाचल प्रदेशाच्या लाहौल भागातल्या दारचा गावापासून लडाखमधल्या झंस्कारच्या पदुम या मुख्य गावापर्यंतची वाट मी 2001 साली नऊ दिवसांत चाललो होतो. 2022 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो, तेव्हा त्याच वाटेचा मोठा भाग गाडीत बसून एका दिवसात मागे पडला. संध्याकाळी डोके ठणकू लागले आणि लक्षात आले की आपण सगळी तयारी एकवीस वर्षांपूर्वीच्या झंस्कारसाठी करून आलो आहोत. तेव्हापासून जुने सोबती आणि त्यांच्या ओळखीतले लोक साधारण तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ज्यांनी झंस्कार पूर्वी पायी पाहिला आहे आणि आता पुन्हा जायचे आहे, त्यांच्यासाठीच ही मुख्यतः लिहिली आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्यांनाही उपयोग होईल, पण त्यांना यातली हुरहूर कदाचित अनाठायी वाटेल.

दारचा ते पदुम हा जुना ट्रेक आता शिल्लक आहे का?

नाही. वाट आहे, खिंड आहे, गावे आहेत. पण ज्याला आपण ट्रेक म्हणत होतो तो राहिलेला नाही. शिंकू ला ही 16,558 फुटांवरची खिंड (जुन्या नकाशांत शिंगो ला) ओलांडून मोटाररस्ता कारग्याक, तांझे, पुरने, रारू या गावांवरून पदुमला उतरतो आणि जुनी पाऊलवाट बहुतेक ठिकाणी याच रस्त्याखाली गेली आहे, किंवा रस्ता कापताना ढकललेल्या दगडमातीत गाडली गेली आहे. जेथे ती नदीच्या पलीकडल्या काठाने जाते, तेथे अजून चालता येते. परंतु समोरच्या काठावर डंपरची ये-जा दिवसभर पाहत आठ-नऊ दिवस चालण्याला काही अर्थ आहे असे मला वाटत नाही. हट्टाने तसे करून आलेले दोघे माझ्या ओळखीचे आहेत आणि दोघांनीही परतल्यावर वाटेपेक्षा धुळीबद्दलच जास्त सांगितले.

रस्ते नेमके केव्हा आणि कसे आले?

झंस्कारला रस्ता नव्हता हा आपला गोड गैरसमज आहे. कारगिलहून सुरू नदीच्या खोऱ्यातून, रंगदुमवरून आणि सुमारे 4,400 मीटर उंचीच्या पेन्सी ला खिंडीतून पदुमला येणारा रस्ता 1980 च्या सुमारासच झाला होता. मात्र तो वर्षातले सहा-सात महिने बर्फाखाली असे आणि पदुमच्या पुढे लुंगनाक नदीच्या खोऱ्यात त्याचा उपयोग नव्हता. आपण जो दुर्गम प्रदेश पाहिला तो हा पुढचा प्रदेश.

गेल्या काही वर्षांत तीन गोष्टी लागोपाठ घडल्या. 3 ऑक्टोबर 2020 रोजी रोहतांगखालचा 9.02 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीहून लाहौलात जाणे काही तासांचे काम होऊन बसले. मार्च 2024 मध्ये सीमा रस्ते संघटनेने निम्मू–पदुम–दारचा या 298 किलोमीटरच्या रस्त्याची दोन्ही टोके जोडली; लेहकडून येणारा हा रस्ता झंस्कार नदीच्या घळीतून पदुमला येतो आणि पुढे शिंकू ला ओलांडून लाहौलात उतरतो. 26 जुलै 2024 रोजी शिंकू ला खालच्या 4.1 किलोमीटरच्या बोगद्यासाठी पहिला सुरुंग उडवण्यात आला. हा बोगदा पूर्ण झाला की मनालीकडून पदुमला बाराही महिने जाता येईल, आणि मग या पानावरील बरीच उत्तरे पुन्हा लिहावी लागतील.

मग पायी चालण्यासारखे काय उरले आहे?

पुष्कळ उरले आहे, फक्त ते वेगळ्या दिशेला आहे. आमच्या पिढीने झंस्कार उभा चालला : एका टोकाने आत शिरायचे आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचे. रस्ताही मुख्य नद्यांना धरून तसाच उभा गेला आहे. म्हणून आता चालायचे ते आडवे, म्हणजे मुख्य खोरे सोडून बाजूच्या घळींत आणि त्यांच्या डोक्यावरच्या खिंडींत. पूर्वी या जागा आपण वेळेअभावी सोडून देत होतो, कारण तेथवर पोहोचण्यातच आठवडा जाई. आता तो आठवडा रस्ता वाचवतो, आणि दुसऱ्यांदा जाणाऱ्याने त्याचा उपयोग असाच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला पर्याय पुरन्याच्या वर, सराप नदीच्या काठाने. पुरन्याला कारग्याक आणि सराप या दोन नद्या मिळतात. कारग्याकच्या काठाने रस्ता गेला. सरापच्या काठाने फुगताल गोंपा (बौद्ध मठ) आणि त्याच्या मागे शादे या एकाकी गावाकडे जाणारी वाट आहे. या भागात दिवसचे दिवस माणूस भेटत नाही, वाटा निसरड्या घसाऱ्यावरून जातात आणि स्थानिक वाटाड्या नसेल तर जाऊच नये.

दुसरा पर्याय झंस्कारमधल्या झांगला गावाहून मार्खा खोऱ्यात जाणारा, ज्याला तिकडे जुमलाम म्हणतात. जुमलाम म्हणजे मधली वाट. चारचार ला ओलांडल्यावर ही वाट एका अरुंद घळीत उतरते आणि मग तिच्यातली नदी पुन्हा पुन्हा, दिवसात कितीतरी वेळा, पायी पार करावी लागते. जुलैत बर्फ वितळून पाणी वाढलेले असते, त्यामुळे ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतचाच काळ योग्य आहे. पाण्यातून चालण्यासाठी जुने बूट वेगळे ठेवावेत. अनवाणी किंवा सपातांवर नदी ओलांडण्याची आपली जुनी सवय येथे घोट्याला महागात पडते. पुढची रुबरंग ला ओलांडली की मार्खा खोरे लागते. ते हेमिस राष्ट्रीय उद्यानात येते, म्हणून तेथले शुल्क वेगळे भरावे लागते.

तिसरा पर्याय लामायुरू–पदुम या दुसऱ्या जुन्या वाटेचा उरलेला तुकडा. फोटोकसर, सिंगे ला आणि लिंगशेडपर्यंत गाडी जाते. परंतु लिंगशेडहून हनुमा ला आणि परफी ला ओलांडून हनुमिलकडे येणारा भाग अजून पायवाटेचा आहे. हनुमा ला वरून मागे वळून पाहिले की लिंगशेडचा गोंपा डोंगराच्या कुशीत पांढऱ्या खड्यांच्या ओंजळीसारखा दिसतो. तो देखावा 2001 च्या पुढल्या वर्षी पाहिला होता तसाच 2022 मध्येही होता.

उमासी ला बद्दलही विचारणा होते. पाडर आणि किश्तवाडकडे जाणारी ही सुमारे 5,300 मीटरची खिंड हिमनदीवरून जाते. तेथे घोडे जाऊ शकत नाहीत, सामान माणसांच्या पाठीवर न्यावे लागते आणि हिमभेगा असल्यामुळे दोर वापरता येणारा माणूस सोबत लागतो. वीस वर्षांपूर्वी जमले असते, एवढ्या आधारावर पन्नाशीत तिच्या नादी लागू नये.

जुना नकाशा आणि जुनी डायरी बरोबर न्यावी का?

डायरी न्यावी, पण वेळापत्रक म्हणून नव्हे. जुन्या नोंदींतली गावांची नावे, ओढ्यांचे क्रम आणि खिंडींच्या दिशा आजही बरोबर आहेत; चुकतात ते पूल, मुक्कामाच्या जागा आणि चालण्याचे तास. पुलांच्या बाबतीत तर रस्ता हे एकमेव कारणही नाही. 31 डिसेंबर 2014 रोजी फुगतालजवळ डोंगराचा मोठा कडा कोसळून नदी अडली, तिच्यामागे कित्येक किलोमीटर लांबीचे तळे साचले आणि 7 मे 2015 रोजी बांध फुटून खाली पुराचा लोंढा आला. त्याने खोऱ्यातले अनेक पूल वाहून नेले. तुमच्या डायरीत ‘झुलता पूल, एका वेळी एकच माणूस’ असे लिहिले असेल, तर तो पूल आता बहुधा तेथे नसेल.

घरबसल्या करता येण्याजोगा एक उपाय मला फार उपयोगी पडला. गूगल अर्थमध्ये मागील वर्षांची उपग्रह छायाचित्रे पाहण्याची सोय आहे. आपली जुनी वाट त्यावर आखून घ्यावी आणि एकेक वर्ष पुढे सरकावे. रस्ता कोणत्या वर्षी कोठवर आला ते फिकट रेघेच्या रूपाने दिसत जाते. ताजी स्थिती हवी असल्यास युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाची छायाचित्रे विनामूल्य मिळतात. ती साधारण पाच दिवसांनी नवी येतात आणि त्यांचा बारकावा दहा मीटरचा असतो, म्हणजे खिंडीत बर्फ किती आहे हे नक्की कळते आणि नवा कापलेला रस्ता बहुतेक वेळा ओळखता येतो. तरीही शेवटचा शब्द पदुममधल्या गाडीवाल्याचाच मानावा. कागदावरचा रस्ता आणि कालच्या पावसानंतरचा रस्ता यांतला फरक त्यालाच ठाऊक असतो.

घोडेवाले मिळतात का?

मिळतात, पण आता ते आयत्या वेळी मिळत नाहीत. 2001 मध्ये आम्ही दारच्याला उतरलो, चहा प्यायला आणि तासाभरात चार घोडे ठरवून मोकळे झालो. ट्रेकची वर्दळ आटल्यावर अनेकांनी घोडे विकले आणि त्या पैशांत भर घालून गाडी घेतली, कारण हिवाळाभर घोड्याला चारा घालावा लागतो आणि गाडीला घालावा लागत नाही. त्यामुळे निदान दोन महिने आधी पदुम किंवा झांगल्याच्या माणसाशी बोलून घोडे ठरवावेत. ते मुक्कामाच्या गावाहून आणि परत असे दोन्ही वेळचे दिवस धरून पैसे मागतील, आणि ते रास्तच आहे. परतीचे दिवस कापण्यासाठी घासाघीस करू नये.

स्वयंपाकासाठी गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत, ते लेह किंवा मनालीत घ्यावेत.

गाडीने गेल्यामुळे विरळ हवेचा त्रास कमी होतो का?

उलट वाढतो. दुसऱ्यांदा जाणारे लोक सर्वांत जास्त येथेच फसतात. मी स्वतः फसलो.

पूर्वीचा हिशेब पाहा. मनाली सुमारे 2,050 मीटरवर, दारचा 3,360 मीटरच्या आसपास. तेथून पालामो, झंस्कार सुमदो आणि खिंडीखालचा तळ असे तीन मुक्काम करत आपण पाच हजार मीटरला भिडत होतो. पायांना कंटाळा येई, पण तेवढ्या दिवसांत शरीर रक्त आणि श्वास यांची घडी बसवून घेई. त्या संथपणालाच आपण रस्ता नसण्याची गैरसोय समजत होतो. आता सकाळी मनालीहून निघालेला माणूस दुपारी शिंकू ला वर उभा असतो आणि रात्री चार हजार मीटरच्या वर असलेल्या कारग्याकला झोपतो. एका दिवसात झोपण्याची उंची दोन हजार मीटरहून जास्त वाढली. तीन हजार मीटरच्या वर ही वाढ रोज पाचशे मीटरपेक्षा अधिक नसावी आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा असावा, असा सर्वसाधारण वैद्यकीय संकेत आहे. ‘मागच्या वेळी मला काही झाले नव्हते’ हे वाक्य येथे निरुपयोगी आहे, कारण मागच्या वेळी तुम्ही चालत आला होता.

म्हणून रस्ता वापरावा, पण त्याचा वेग वापरू नये. मनालीकडून जाताना केलाँग किंवा जिस्पा येथे निदान दोन, शक्य असल्यास तीन रात्री काढाव्यात आणि जवळपासच्या टेकड्यांवर चढून खाली येऊन झोपावे. खिंड ओलांडायच्या दिवशी पहाटे निघावे, माथ्यावर फोटोपुरतेच थांबावे आणि कारग्याकला मोह आवरून त्याच दिवशी पुरने किंवा पदुमपर्यंत खाली उतरावे. लेहला विमानाने उतरत असाल तर तुम्ही दोन तासांत थेट 3,500 मीटरवर पोहोचता. तेथे पहिले दोन-तीन दिवस काहीही न करणे हाच कार्यक्रम ठेवावा. ॲसिटाझोलामाइड, म्हणजे आपल्या बोलण्यातले डायमॉक्स, हे विरळ हवेच्या त्रासावरचे औषध घ्यावे की नाही हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर.

आणखी एक गोष्ट. आजार बळावला की ‘ताबडतोब खाली उतरा’ असे सांगतात. मात्र कारग्याकहून मनालीकडे पळायचे तर आधी पाच हजार मीटरच्या खिंडीवर चढावे लागते. म्हणून त्या खोऱ्यात उतरणे म्हणजे पदुमच्या दिशेने जाणे, हे गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवावे. पदुमला सरकारी रुग्णालय आहे. बसल्या जागी धाप लागणे, ओला खोकला, सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालता न येणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

कोणता महिना निवडावा?

ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा तिसरा आठवडा. झंस्कार पर्जन्यछायेत आहे, पण तेथे पोहोचण्याची मनालीकडची वाट नाही. जुलै 2023 मध्ये अतिवृष्टीने मनाली आणि कुल्लू भागातले रस्ते ठिकठिकाणी वाहून गेले होते. शिवाय जुलैत ओढे फुगलेले असतात. ओढे कोणत्याही महिन्यात सकाळीच ओलांडावेत, कारण दुपारी हिमनद्यांचे पाणी वाढत जाते.

फुगताल किती बदलले?

गोंपा तसाच आहे : कड्यातल्या मोठ्या गुहेच्या तोंडाशी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा लटकलेला. हंगेरीचा अभ्यासक चोमा दे कोरोस 1825–26 मध्ये तिबेटी भाषा शिकत येथे राहिला होता, आणि त्याच्या स्मरणार्थ बसवलेला दगडी फलक अजून दिसतो. बदलले ते शेवटचे दोन तास. पूर्वी तेथे पोहोचणारा माणूस कित्येक दिवसांचा दमलेला असे. आता तो पुरन्यापर्यंत गाडीने येतो, चालत वर जातो, फोटो काढतो आणि संध्याकाळपर्यंत परततो. दुपारी गर्दी होते. त्यामुळे पहाटे पोहोचावे किंवा तेथेच मुक्काम करावा, म्हणजे सकाळची प्रार्थना ऐकायला मिळते.

चादर ट्रेक पूर्वीसारखा करता येईल का?

गोठलेल्या झंस्कार नदीवरून पदुमपर्यंत जाऊन परत येणे, या अर्थाने आता त्याची गरज उरलेली नाही. मुळात चादर हा ट्रेक नव्हताच. हिवाळ्यात बाहेर पडण्याचा तो एकच मार्ग होता, आणि लेहच्या शाळेत जाणाऱ्या मुलांना त्यांचे वडील त्याच बर्फावरून चालत पोहोचवत असत. घळीत रस्ता कापला गेल्यामुळे गाडी चिलिंग गावाच्या बरीच पुढे जाते आणि पर्यटकांची चाल नेरक गावापर्यंतच्या काही दिवसांपुरती उरली आहे. जानेवारीत जाणाऱ्यांना लेहमध्ये आधी विश्रांतीचे दिवस आणि वैद्यकीय तपासणी सक्तीची असते. जुन्या आठवणीसाठी जाणार असाल तर मी जाऊ नका असेच सांगेन.

फोनचे काय?

इतर राज्यांची प्रीपेड सिमकार्डे लडाखमध्ये चालत नाहीत. पोस्टपेड न्यावे, तेही मोठ्या गावांपुरतेच धरावे. उपग्रह फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे परवानगीशिवाय भारतात जवळ बाळगणे बेकायदा आहे. परदेशी मित्राने आग्रहाने दिले तरी घेऊ नये.

रस्त्यामुळे सगळे बिघडले असे वाटते. तेथल्या लोकांना काय वाटते?

हा प्रश्न मी पुरन्याला, ज्या घरी 2001 मध्ये उतरलो होतो त्याच घरी, थोड्या आडवळणाने विचारला. घरच्या आमा-ले (तिकडे आईला आदराने असे म्हणतात) तेव्हा शेताच्या तुकड्यावर तंबू लावू देत आणि माणशी पैसे घेत. आता त्या तुकड्यात वाटाणा लावला होता. तंबूंचे उत्पन्न बुडाले का, असे मी विचारल्यावर त्यांनी हातातला सातूच्या पिठाचा गोळा परातीत ठेवला आणि सांगितले की थोरल्या सुनेला बाळंतपणासाठी पदुमला नेताना पूर्वी घोड्यावर दोन दिवस लागले होते आणि धाकटीला नेताना तीन तास लागले. एवढे बोलून त्या पुन्हा पीठ मळू लागल्या. त्यानंतर मी रस्त्याबद्दलची हळहळ माझ्यापुरतीच ठेवली.

अर्थात तक्रारी त्यांच्याही आहेत. सुरुंगांच्या हादऱ्यांनी भिंतींना तडे गेले, धूळ शेतावर बसते, आणि मणी भिंती, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती, उजव्या हाताला ठेवून जाण्याचा रिवाज रस्ता आखणाऱ्यांनी विचारात घेतलेला नाही. रारूच्या अलीकडे मी पाहिले : रस्ता मणी भिंतीच्या एकाच बाजूने जातो, त्यामुळे एका दिशेने जाणाऱ्या प्रत्येक गाडीला ती चुकीच्या हाताला पडते. आमच्या चालकाने तेथे गाडीचा वेग कमी केला, स्टिअरिंगवरून एक हात उचलून कपाळाला लावला आणि मग गिअर बदलला.

एकूण किती दिवस ठेवावेत?

जुमलामसाठी, लेहमधली विश्रांती आणि पदुमपर्यंतचा प्रवास धरून, अठरा ते वीस दिवस. फुगताल आणि सरापच्या खोऱ्यासाठी चौदा-पंधरा. यांतले तीन दिवस कोणत्याही कामाला न लावता राखून ठेवावेत, कारण दरड कोसळली की रस्त्यावरचा माणूस पायवाटेवरच्या माणसापेक्षा जास्त अडकतो. परतीचे विमान पदुमहून निघण्याच्या दुसऱ्या दिवशीचे कधीही काढू नये.

जुने फोटो बरोबर न्यावेत का?

अवश्य न्यावेत, आणि मोबाइलमध्ये नव्हे तर कागदावर छापून, प्रत्येकी दोन प्रती, कारण एक प्रत तेथेच राहते. ओळख पटवण्याचे काम त्यांच्याइतके दुसरे काहीच करत नाही. मी आमा-लेंना दाखवलेल्या फोटोत त्यांच्या अंगणात आम्ही चौघे मित्र दात काढून उभे आहोत. त्यांनी तो उजेडात धरून बराच वेळ निरखला, मग नातवाला हाक मारली आणि आम्हा चौघांच्या मागे अर्धवट दिसणाऱ्या पांढऱ्या घोड्यावर बोट ठेवून त्याला त्याचे नाव सांगितले.